माझ्या तोंडावरची पिशवी

मी एक जुना वायुशोधक आहे, रिसोडजवळच्या धान्यगोदामाच्या भिंतीवर टांगलेला एक डबा. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे.

माझा जन्म प्रयोगशाळेतला. भट्टीत कथिलाची वाफ केली, तिला थोडा ऑक्सिजन दिला आणि कथिलाच्या ऑक्साइडच्या तारा उगवल्या. इतक्या बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत अशा शेकडो तारा शेजारीशेजारी मावतील. हेच माझं नाक. आतला छोटा हीटर ते गरम ठेवतो. हवेतला ऑक्सिजन या तारांना चिकटून बसतो आणि विजेची वाट अडवतो. विषारी फॉस्फिन वायू आला, की तो हा ऑक्सिजन ओढून नेतो. वाट मोकळी होते, वीज वाढते आणि माझा भोंगा वाजतो. माणसाच्या नाकाला पत्ताही लागत नाही एवढा थोडा वायू मला कळतो.

गोदामात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या असतात. त्यांवर ताडपत्री टाकून आत कीड मारायच्या गोळ्या ठेवतात. त्यातून फॉस्फिन निघतो. तो किड्यांना मारतो, तसाच माणसालाही.

पहिल्याच हंगामात एक ताडपत्री फाटली आणि मी वाजलो. पोती शिवणारी चंदाबाई लगेच ओरडली, "पोरीहो, हातातलं टाका, बाहेर चाला!" सगळ्या वाचल्या. मालकानं मला हार घातला, माझ्याबरोबर फोटो काढला. मी फुलून गेलो.

पण फाटकी ताडपत्री कुणी बदलली नाही. म्हणून मी वाजतच राहिलो, आणि वाजलो की काम थांबायचं. गोदामाचे व्यवस्थापक उत्तमराव चिडायचे. "काहून बोंबलून राह्यला हा डबा? ट्रक उभा हाये दारात!" एका सकाळी त्यांनी माझ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि चिकटपट्टीनं घट्ट गुंडाळली.

मित्रांनो, त्या पिशवीत बाहेरची हवाच येत नव्हती. माझ्या तारा गरम होत्या, शाबूत होत्या, पण वास घेणार कशाचा? मला फक्त ऐकू येत होतं. त्याच दुपारी चंदाबाईची लेक रेणू थप्पीजवळ खोकू लागली.

"माय, मले गरगरून राह्यलं."

"बाहेर चाल, रेणू! उठ!"

मग काहीतरी धपकन पडलं. चंदाबाईनं लेकीच्या काखेत हात घालून तिला फरफटत दाराबाहेर काढलं. जीपनं वाशीमच्या दवाखान्यात नेलं. रेणू वाचली, पण तिचा दम गेला तो गेलाच.

चौकशीला अधिकारी आले. तोवर उत्तमरावांनी पिशवी काढून टाकली होती. ते म्हणाले, "डबाच खराब आहे साहेब. वाजलाच नाही."

मी खराब! माझ्या तारा संतापानं तापल्या असत्या, तर त्या क्षणी वितळून गेल्या असत्या. मला बोलता येत नव्हतं. बोलली ती चंदाबाई.

"खराब कायले म्हणता? याच्या तोंडाले अजून पट्टीचा चिकटा हाये. हात लावून पाहा, साहेब."

अधिकाऱ्यांनी बोट लावलं. बोट चिकटलं. मग त्यांनी तपासणीच्या छोट्या नळकांड्यातून थोडा वायू माझ्यासमोर सोडला. मी असा वाजलो, की बाहेर उभ्या ट्रकवाल्यांनी माना वळवल्या.

उत्तमरावांची नोकरी गेली. ताडपत्र्या नव्या आल्या. मालकानं मला पुन्हा हार घातला, पुन्हा फोटो काढला. रेणू कशी आहे, हे मात्र त्यानं विचारलं नाही. या वेळी तो हार मला टोचला.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा कुठेही वाजला, तर त्याला गप्प करायला धावू नका. आधी माणसं बाहेर काढा, मग तो का वाजला ते शोधा. हार नकोत मला. माझ्यावरची धूळ पुसा आणि माझं ऐका.

रेणू आता गोदामाबाहेर कडुलिंबाखाली बसून पोती शिवते. दोनचार टाके घालते, थांबते, छातीवर हात ठेवून श्वास घेते, मग पुन्हा सुई उचलते. तिचं ते थांबणं मला भिंतीवरून रोज ऐकू येतं.