मी कंट्रोलची कळ आणि थांबलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुनी कळ आहे. माझ्या काळच्या कीबोर्डवर 'A' या अक्षराच्या डाव्या शेजारी माझी जागा. नाव कंट्रोल. नाव भारदस्त, पण एकटीला दाबलेत तर माझ्याने काहीच होत नाही. मला धरून ठेवून दुसरे अक्षर दाबावे लागते, तेव्हा कुठे काम होते.

१९८७ साली मी नागपूरहून बसने सौंसरला आले. वसंत मास्तरांच्या टायपिंग क्लासात दहा टाइपरायटर खडखडत होते. कॉम्प्युटर मात्र एकच. त्याला झालरीचे कापड, आणि जवळ यायचे तर चपला बाहेर. मी जरा चढून गेले होते, हे कबूल करते.

पण टाइपरायटरवर घडलेली ती बोटे! मला ठोकायची आणि लगेच सोडायची. पुष्पाही तशीच. तिची आई यमुनाबाई दुसऱ्यांच्या बागेत संत्री तोडायची. नागपूरच्या एका कार्यालयात टंकलेखिकेची एकच जागा निघाली होती. ती मिळाली तर आईची मजुरी सुटणार होती, म्हणून पुष्पा महिनाभर माझ्यापाशी बसली. मी आणि S मिळून पडद्यावरची कर्सरची खूण एक अक्षर मागे नेतो, हे तिच्या करंगळीत मुरले.

त्या जागेच्या परीक्षेत एक पत्र टाइप करायचे होते, आणि घात झाला तो तिथेच. ते मशीन निराळे, त्याची रीतही निराळी. पुष्पाने सवयीने कंट्रोल आणि S दाबले, आणि खूण मागे जायच्या ऐवजी पडदाच थांबला. तिथे त्या जोडीचे काम पडदा थांबवणे हेच होते. शेजारच्या दोघांचेही असेच झाले. ते घाबरून दिसेल ते बटण ठोकू लागले.

पुष्पाला मास्तरांचे बोल आठवले. टाइपरायटरच्या काड्या एकमेकींत अडकल्या की ते सांगत, "हात उचलाचे. मशीनसंग भांडाचं नाही." तिने दोन्ही हात उचलले आणि देखरेखीवरच्या प्रभाकर साहेबांना विचारले, "साहेब, पडदा थांबून राहिला. याले सोडाचं बटन कोनतं आहे?"

साहेबांनी कंट्रोल आणि Q सांगितले. पडदा सुटला. त्या दोघांचेही पडदे सुटले, पण ठोकलेली सगळी अक्षरे त्यांच्या पत्रात शिरली. पुष्पाचे पत्र स्वच्छ राहिले. दोन ओळी राहून गेल्या, तरी निवड तिचीच झाली. क्लासात येऊन तिने हे सांगितले तेव्हा मला फार आनंद झाला.

आता क्लासात नवा कीबोर्ड आला आहे. त्यावर माझ्या जागी दुसरीच कळ बसते. मी जुन्या कीबोर्डसकट कपाटावर धूळ खात पडले होते, आणि वाईटही वाटत होते. पण रविवारी पुष्पा नागपूरहून येते, मला पुसते आणि नव्या मुलींसमोर ठेवते. पहिला धडा हात उचलण्याचा आणि अनोळखी मशीनला आधी त्याची रीत विचारण्याचा.

मागच्या रविवारी यमुनाबाई सोबत आल्या. "हेच का थे बटन?" त्यांनी विचारले. संत्र्याच्या काट्यांनी खरचटलेले बोट त्यांनी माझ्यावर अलगद ठेवले, जरा वेळ धरले आणि उचलले.

मित्रांनो, मला असेच दाबत जा.