सारख्या तोंडाच्या केबली

"बाबा, तोंड बसलं म्हणजे केबल चालेलच असं नसतं," सचिन फोनवर म्हणाला. "स्क्रीनवर काय येतंय?"

"नो सिग्नल."

"मग ती नुसती चार्जिंगची आहे. त्यातून चित्र जात नाही. दुसरी लावून बघा. मी परत येताना हायवेवर बॉम्बे हिल्सपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलोय, पुढे अ‍ॅक्सिडेंट झालाय."

बाळासाहेबांनी खण ओढून टेबलावर पालथा केला. काळ्या, पांढऱ्या केबलींचा गुंता पडला. ते एकेक टोक लॅपटॉपला लावत, दुसरं मोठ्या स्क्रीनला. प्रत्येक वेळी टोक आत जाई आणि स्क्रीन तेच दोन शब्द दाखवी.

धाकटा भाऊ रवींद्र सांगलीत पहाटे गेला. इकडे परदेशात, फ्लॅट बुशला बातमी आली तेव्हा इथे दुपार झाली होती. सचिन सकाळीच हॅमिल्टनला कामासाठी गेलेला, आणि स्क्रीनची केबल त्याच्या बॅगेत. विमानाने पोचायचं म्हटलं तरी दीड दिवस. तिथे तर तासाभरात उचलणार होते. रवींद्रचा मुलगा अक्षत व्हिडिओ कॉल करणार होता. पण लॅपटॉपवर बाळासाहेबांना माणसांची नुसती ठिगळं दिसत. उजवा डोळा ऑपरेशननंतरही सुधारला नव्हता. भावाचा चेहरा शेवटचा बघायचा तर मोठा स्क्रीन हवाच होता.

"ही जाडजूड आहे बघ," ते म्हणाले. "पण शिरतच नाही."

"एक कोपरा कापलेला आहे का? ती वेगळी. जोर लावू नका. टोकावर विजेचं चिन्ह आहे अशी एखादी सापडते का? तिच्यातून चित्रही जातं."

सापडत नव्हती. तेवढ्यात अक्षतचा कॉल आला. "काका, बाबांना अंगणात आणलंय. दिसतंय ना?"

लॅपटॉपवर पांढरं काहीतरी हललं. बाळासाहेब स्क्रीनला नाक लावून बसले, मग उठले, खिडकीशी गेले, परत आले. रवींद्र सात वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून त्याच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं यांनी लावली होती. आता त्याच्या अंगावर कोणता सदरा आहे तेही कळत नव्हतं.

"थांब रे जरा," ते अक्षतला म्हणाले, आणि स्लीपर न घालता बाहेर पडले.

शेजारची मेरे घरूनच ऑफिसचं काम करी. रोज कुंपणावरून "किया ओरा, मटुआ" असा नमस्कार करी. मटुआ म्हणजे तिच्या लोकांच्या भाषेत काका, असं तिनेच सांगितलं होतं. दार उघडून तिने त्यांचे अनवाणी पाय पाहिले.

"माय ब्रदर," बाळासाहेब म्हणाले. "फ्युनरल. इंडिया. केबल फिट्स, नो पिक्चर."

मेरेने अर्धं ऐकलं न ऐकलं, आत जाऊन स्वतःच्या मॉनिटरची आखूड, जाड केबल उपसली आणि रबरी चपला फटफटवत त्यांच्यापुढे निघाली. दारात त्या काढल्या. केबल लावली.

स्क्रीन काळा झाला, मग उजळला. कौलांची उतरण, तुळस, सायकल, सारं लख्ख दिसलं. माणसं मात्र फाटकाकडे पाठ करून चालली होती. चौघांच्या खांद्यांवर झेंडूची फुलं हलत होती. चेहरा पलीकडच्या बाजूला होता.

"अक्षत," बाळासाहेबांनी हाक मारली.

फोन कोणीतरी कट्ट्यावर टेकवून ठेवला होता. अक्षत पुढे, मडकं घेऊन. फाटकातून सगळे बाहेर गेले. अंगणात एक बाई आली आणि जिथे ठेवलं होतं तिथे पाणी ओतू लागली.

मेरेने खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली. "आमच्याकडे गेलेल्याला एकटं सोडत नाहीत," ती हळू, सोप्या इंग्रजीत म्हणाली. "आणि त्याच्याबद्दल बोलतात. नाव काय त्याचं?"

"रवींद्र."

"रविंडरा," तिने म्हणून पाहिलं. मग थांबून पुन्हा एकदा, नीट.

बाळासाहेबांना इंग्रजी शब्द सुचेनात. ओल्या अंगणावरची नजर न काढता त्यांनी मराठीतच सांगायला सुरुवात केली. मेरे मान हलवत ऐकत राहिली.