अळणी नवस

मुंबईच्या डाक्टरनं त्रिंबकच्या डोक्यातली गाठ नाकातून काढली, आणि दोन वर्षांनी त्याला माणसाचं तोंड नीट दिसलं. पहिलं तोंड आईचं. बायनाबाईनं दवाखान्यातच हात जोडले. ती जांबच्या रामाला नवस बोलली होती: पोराला दिसू दे, रामनवमीपर्यंत तो मीठ शिवणार नाही आणि नवमीला पायी दर्शनाला येईल. अहो, नवस बोलावा, पण स्वतःच्या जिभेचा बोलावा की! पोराच्या जिभेचा कशाला? पण बायनाबाईला हे सांगणार कोण?

गाठ काढल्यावर चार दिवस त्रिंबकनं पाण्याचा नुसता धोशा लावला. डाक्टरनं त्याच्या बायकोला, गोपिकाला, समोर बसवून सांगितलं, "तहान आहे तोवर पाणी द्या. तहान थांबली की हात आखडा. जेवणात मीठ भरपूर घाला. डोकं दुखलं, उलटी झाली, तर लगेच घेऊन या. आणि वीस दिवस इथून हलू नका."

पण नवमी जवळ आली होती. पाचव्या दिवशी बायनाबाईनं दोघांना आगगाडीत बसवलं. जालन्याला उतरून बैलगाडीनं घनसावंगीपल्याडच्या आपल्या गावी आणलंसुद्धा.

घरी येताच तहान थांबली. बायनाबाईचा तांब्या मात्र थांबला नाही. "पाण्यानंच वाचलं माझं लेकरू," म्हणत ती पाजायची, आणि आईचं मन राखायला तो प्यायचा. भाकरी अळणी, वरण अळणी. तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या.

"आत्याबाई, डाक्टर म्हणाल्ता..." गोपिका सासूला म्हणाली.

"डाक्टरनं गाठ काढली गं, डोळे रामानं देले. चार दिस राह्यले. तेवढ्यासाठी नवस मोडू व्हय?"

गोपिकाचा जीव टांगणीला लागला. सासू पाणवठ्यावर गेल्याचं पाहून तिनं ताकात मीठ कालवलं आणि वाटी नवऱ्यापुढं धरली. त्यानं घोट घेतला अन् थांबला.

"मीठ पडलंय."

"प्या ना वो. कुणी बघून न्हाई राह्यलं."

"मला दिसून राह्यलंय ना आता," तो हसला. "आईचा शब्द हाय. चार दिसाचा तर सवाल."

वाटी त्यानं बाजूला सारली. ओरडून, पाया पडून, काहीही करून पाजायला हवं होतं. गोपिकानं वाटी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी तो भ्रमात, कधीच मेलेल्या बैलाला हाका मारू लागला. मग दातखीळ बसली, अंग ताठलं. तेव्हा बायनाबाईच अनवाणी धावली, गाडी जुंपा म्हणून. घनसावंगी यायच्या आत त्रिंबक गेला. नवमीला तीन दिवस बाकी होते.

दहाव्याचा स्वयंपाक बायनाबाईनं कुणाला करू दिला नाही. वरणात तिनं मूठभर मीठ टाकलं, आणि दुसऱ्या मुठीसाठी मडक्यात हात घातला.

"आत्याबाई, खारट होईल."

"होऊ दे. लेकरू अळणीच गेलं माझं." मडक्यातल्या हातानं ती मीठ चिवडत राहिली. "त्यानं कधी मागितलं का गं मीठ?"

गोपिका हे जन्मभर पोटात ठेवणार होती. पण राहवलं नाही.

"न्हाई मागितलं. म्या देल्तं, ताकात. तुमच्या शब्दासाठी न्हाई पेले."

बायनाबाईचा हात मडक्यातच राहिला. बाहेरून कुणीतरी हाक दिली, नदीवर निघायची वेळ झाली होती.