नुकसानीस कंपनी जबाबदार नाही

नंदनवन भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गुंजन मेश्राम सहा वर्षं टेक्निशियन होती. एका मंगळवारी शोभा वासनिक या एकाच नावाच्या दोन बायका रक्त देऊन गेल्या आणि सॉफ्टवेअरनं एकीची साखर दुसरीच्या रिपोर्टवर छापली. तो आकडा पाहून डॉक्टरांनी सिव्हिल लाईन्सकडे राहणाऱ्या शोभाताईंचं इन्सुलिन वाढवलं. दुसऱ्या दिवशी साखर एकदम उतरून त्या स्वयंपाकघरातच कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं.

गुंजननं रक्त तपासणाऱ्या मशीनमधून निघालेली मूळ चिठ्ठी काढून पाहिली. तिच्यावर शोभाताईंचा आकडा बरोबर होता. तिनं सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. पियूष नावाचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, करार वाचा. चुकीच्या रिपोर्टमुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही."

"मग आतला कोड तरी दाखवा. चूक आम्ही शोधतो."

"तो बघायला मनाई आहे. तेही करारात आहे."

दोन वर्षांपूर्वी गुंजननं एक मुक्त सॉफ्टवेअर सुचवलं होतं. हमी त्याच्या परवान्यातही नव्हती, पण कोड खुला होता, कोणीही जाणकार तो तपासून दुरुस्त करू शकत होता. लॅबचे मालक डॉ. मधुसूदन तेव्हा हसले होते. "फुकटच्या मालाची जबाबदारी कोण घेणार? आपल्या सॉफ्टवेअरमागे कंपनी उभी आहे."

आता त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. 'नोंद करताना माझ्याकडून चूक झाली.' खाली तिचं नाव.

"करून टाक सही. कंपनीशी कोण भांडत बसेल?" ते दात कोरत म्हणाले.

गुंजनला शिसारी आली. त्या कागदाला बोट लावायचीही इच्छा होईना. "मी नाही करणार, सर," म्हणून ती उठली आणि चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन थेट शोभाताईंकडे गेली.

शोभाताईंनी पडल्या पडल्या सगळं ऐकलं. "मले वाटलं, माह्याच खाण्यात काही चुकलं. पोरगा रोज बोलून राहिला मले." मग म्हणाल्या, "तुले काढून टाकतील ना वं?"

"टाकू द्या, काकू."

तिला त्याच आठवड्यात काढलं. चिठ्ठी जोडून शोभाताईंनी ग्राहक आयोगात लॅब आणि कंपनी, दोघांविरुद्ध तक्रार केली. ती अजून चालू आहे. लॅबमध्ये रिपोर्ट रोज छापले जातात, त्याच सॉफ्टवेअरवर.