आधी साहेबांचं नाव

वाशीमच्या त्या शिक्षणसंस्थेत सूचना काढायची एक तऱ्हाच होती. आधी ती छापायची, सचिव मारोतराव साहेबांनी सही करायची, वर गोल शिक्का हाणायचा आणि मग मोबाइलनं फोटो काढून वेबसाइटवर चिकटवायचा. सही-शिक्का दिसला नाही तर सूचना खरी कशी वाटणार!

त्या फोटोंमागचा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं काम पौर्णिमाचं. हा मजकूर पडद्यावर दिसत नाही, पण ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा मोबाइल तो त्याला वाचून दाखवतो. सुरुवातीला फोटोत जे असेल ते तिनं इमानेइतबारे लिहिलं. साहेबांनी एकदा त्याची यादी मागवली आणि भडकले. एवढं रामायण ऐकते कोण, सगळ्यांमागं एकच ओळ टाक म्हणाले: मा. मारोतराव साहेबांच्या शुभहस्ते. नोकरी टिकवायची म्हणून तिनं ती टाकली. मुलाखतीच्या सूचनेमागंही तीच.

मंगळवारी मेडशीचा प्रसेनजित काठी टेकत ऑफिसात आला. जन्मापासून अंध, बी.ए. झालेला. कारकुनाची एक जागा दिव्यांगांसाठी राखीव होती, तिला त्यानं अर्ज केला होता. मुलाखत कधी आहे, एवढंच त्यानं विचारलं. मुलाखती सोमवारीच उरकल्या होत्या, फक्त निवड जाहीर व्हायची होती.

त्यानं मोबाइलवर वेबसाइटचं सूचनांचं पान उघडलं. मोबाइल बोलला, मा. मारोतराव साहेबांच्या शुभहस्ते. पुढच्या फोटोला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच.

"ताई, म्या रोज ऐकलं," तो म्हणाला. "सायबाचं नाव पाठ झालं. तारीख कुठी होती?"

पौर्णिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग संताप आला, आधी स्वतःचा, मग साहेबांचा. नोकरी गेली खड्ड्यात! त्याला सोबत घेऊन ती थेट केबिनमध्ये शिरली. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम, सूचना वेबसाइटवर होती, यानं पाहायला हवी होती. पाहायला! असं बोलताना त्या माणसाची जीभसुद्धा अडखळली नाही.

तिनं मोबाइलचा आवाज वाढवला आणि दार सताड उघडलं. बाहेर दाखल्यांसाठी पालकांची रांग होती. मोबाइलनं सतरा वेळा साहेबांचं नाव घेतलं, रांगेत खसखस पिकली, आणि साहेबांना एकाएकी नियमात फट सापडली. शुक्रवारी मुलाखत ठरली, तोवर निवड थांबवली.

मुलाखतीचं पत्र प्रसेनजितला देताना त्यांनी शिपाई किशनला फोटो काढायला लावलाच. दिव्यांग बांधवाला न्याय देताना, असं लिही म्हणाले.

पौर्णिमा मान डोलावून जागेवर बसली. तिनं मराठीत लिहिलं आणि इंग्रजीतही तेच लिहिलं: "मारोतराव खुर्चीत बसून हसत आहेत. समोर प्रसेनजित उभे आहेत. त्यांना खुर्ची दिलेली नाही. त्यांच्या हातातल्या पत्रावर मुलाखतीची वेळ आहे: शुक्रवार, सकाळी अकरा."

साहेबांनी वेबसाइटवर फोटो पाहिला आणि झकास आला म्हणाले.

संध्याकाळी मेडशीहून फोन आला. "ताई, फोटो पाह्यला," प्रसेनजित म्हणाला. "खुर्चीचं बरं लिवलं तुमी."