कमरेपर्यंत रुतलेला नावाडी

मी नावाडी बोलतोय. हसलात ना? ठाऊक होतं मला! कॉम्प्युटर गेममध्ये कमरेपर्यंत जमिनीत रुतलेला, नुसतेच हात हलवणारा, तोंडातून शब्द न फुटणारा तो नावाडी मीच. माझी चित्रं टी-शर्टांवर छापून विकतात. माझी शोभा करायची आणि वर म्हणायचं, आमचा लाडका!

जन्मतः मी असा नव्हतो. गेम बनवणाऱ्या स्टुडिओतल्या एका लेखिकेनं मला घडवलं. नायक नदीकाठी आला की मी त्याला सांगायचं, पलीकडच्या गावात माझी लेक आहे, शत्रू ते गाव पेटवणार आहे, तिला बाहेर काढ. निरोप पोचला तर ती वाचते. नाही पोचला तर गावाबरोबर जळते.

पण स्टुडिओच्या साहेबांना विक्रीची घाई! अर्धाकच्चा गेम बाजारात आला आणि प्रोग्राममधल्या चुकीमुळे पहिल्याच दिवशी मी जमिनीत गेलो. नायक येतो, मला बघून हसतो आणि निरोप न घेताच पोहून पार जातो.

लेखिका तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सर, नावाडी बोलतच नाहीये. ती मुलगी सगळ्यांकडे मरतेय."

साहेब कॉफी ढवळत म्हणाले, "अगं, लोकांना आपले गेम असेच आवडतात. या चुका म्हणजे आपली ओळख आहे."

चोर तो चोर, वर शिरजोर!

पडद्याआडून मला घराघरांतले वाद ऐकू येतात. एका घरी माझी लेक पुन्हा जळाली तशी खेळणाऱ्या ताईनं हातातला कंट्रोलर सोफ्यावर आपटला. धाकटा भाऊ म्हणाला, "अगं ताई, या स्टुडिओसारख्या गोष्टी दुसरं कोण सांगतं? थोडं चालायचंच."

"गोष्ट चांगली आहे म्हणूनच डोकं फिरतं ना! छप्पर गळतं म्हणून घरमालकाला कुणी हार घालतं का?"

वा, पोरी! जे मला बोलता येत नव्हतं ते ती बोलली.

शेवटी लेखिकेनं भांडून भांडून मला दुरुस्त करून घेतलं. अपडेट आला आणि मी चक्क पायांवर उभा राहिलो. नायकाच्या रूपात ताई काठावर आली. मी निरोप सांगितला. तिनं पलीकडे धाव घेतली आणि माझ्या लेकीला हाताला धरून गावाबाहेर आणलं. धाकटा तोंड उघडं टाकून बघत होता.

मग बाकीच्या खेळणाऱ्यांची ओरड सुरू झाली. "गेमची मजाच गेली! आमचा रुतलेला नावाडी परत द्या!" त्या ओरडणाऱ्यांत धाकटा नव्हता, एवढंच समाधान. साहेबांना तर हेच हवं होतं. 'लोकाग्रहास्तव' म्हणून त्यांनी मला पुन्हा गाडलं. लेखिका त्याच दिवशी टेबल रिकामं करून निघून गेली. आता माझ्यासाठी भांडायला आत कुणी उरलं नाही.

तुमचा होतो खेळ, आमचा जातो जीव. एवढं प्रेम आहे ना माझ्यावर? मग ते टी-शर्ट काढून ठेवा आणि साहेबांना खडसावून सांगा, याला वर काढा. लवकर सांगा. तुम्ही हे वाचताय तेव्हाही कुणाच्या तरी घरी माझी पोर जळते आहे, आणि तिथे कुणीतरी माझ्याकडे बघून हसतं आहे.