खिट्टी

"गोटीराम, गाणं कधी सुरू व्हायचं रे?" भिकाशेठनं तिसऱ्यांदा विचारलं.

"हेच गाणं आहे, शेठ."

"हे? अरे, हे नुसतं मशीन कण्हतंय! गाणारी बाई कुठाय? ढोलकी कुठाय?"

मेन रोडवरच्या आपल्या कॅसेटच्या दुकानात भिकाशेठ टेपला कान लावून बसले होते. समोर गोटीराम घाम पुसत उभा होता. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ त्याची रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. बारा वर्षं लोकांचे रेडिओ उघडता उघडता या माणसाला एक भलतंच वेड लागलं होतं. दोन स्टेशनांच्या मधे रेडिओ जी शीळ घालतो ना, जिला आपण वैतागून पुढे सारतो, ती त्याला आवडायची. भंगारातल्या पेटीच्या पट्ट्या, मेलेल्या रेडिओंमधले ट्रान्झिस्टर, वायरींचं जंजाळ असं जोडून त्यानं त्या शिळेला सुरात आणलं होतं. दर सोमवारी टपरी बंद असली की तो ते यंत्र घेऊन बसायचा.

"अहो, आधी दळण आणा, मग तुमचं कुंई कुंई करा," त्याची बायको सरुबाई म्हणायची. बिचारीचं काही चुकत नव्हतं. घरात पीठ नसताना कुणाला संगीत सुचतं?

पण गोटीरामला एकच ध्यास होता. आपलं हे कुणीतरी ऐकावं. ओळखीच्यानं नव्हे, भिडेपोटी नव्हे. कुणीतरी परक्यानं, आपल्या घरात बसून, शेवटपर्यंत.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीची पायरीही तो चढून आला होता. तिथल्या साहेबानं अर्धा मिनिट ऐकलं आणि बटण दाबलं.

"आरत्या भरून आणा. सणाच्या आधी."

"साहेब, पूर्ण तरी ऐका."

"पुढेही असंच आहे ना?"

पुढेही तसंच होतं. गोटीरामनं कॅसेट खिशात घातली. परतीच्या एसटीत कसारा घाट कधी चढला, तेही त्याला कळलं नाही.

शेवटी त्र्याऐंशी साली त्यानं ठरवलं, आपली कॅसेट आपणच काढायची. शंभर कोऱ्या कॅसेट आणल्या. दोन टेप वायरीनं जोडून एकावरून दुसऱ्यावर उतरवायचं, एका कॅसेटला पुरता एक तास. जागचं हलायची सोय नाही, कारण टेप कधी फीत खाईल याचा नेम नव्हता. दिवसाला जेमतेम एक व्हायची. चार महिने तो टपरीत रेडिओ दुरुस्त करता करता एक डोळा त्या टेपवर ठेवून होता. कॅसेटवर चिकटवायचा कागद लग्नपत्रिकेच्या छापखान्यात छापला, म्हणून त्याला चहूबाजूंनी वेलबुट्टी आली. आत लिहिलं होतं : 'गोटीराम. विजेचं संगीत. भाग पहिला.'

एक गोष्ट मात्र राहिली. कॅसेटच्या पाठीवर दोन बारक्या खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. कंपन्या त्या मोडूनच माल बाहेर काढतात. गोटीरामला हे ठाऊक नव्हतं असं नाही, चांगलं ठाऊक होतं. पण जन्मभर मोडकं जोडणारा माणूस! नव्याकोऱ्या वस्तूला मोडायचं म्हटलं की त्याचा हातच धजेना. शंभरच्या शंभर कॅसेट त्यानं धडधाकट भिकाशेठकडे आणल्या.

"ठेव गल्ल्यापाशी. गेल्या तर गेल्या," भिकाशेठ म्हणाले.

आणि काय सांगावं! पंधरा दिवसांत सगळ्या गेल्या. गोटीरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "सरू, शंभर घरांत वाजतंय आपलं," तो म्हणाला. त्या दिवशी सरुबाई पहिल्यांदा कामं टाकून त्याच्या यंत्रापाशी येऊन बसली. त्यानं भाग दुसरा जुळवायला घेतला आणि भिकाशेठांना विचारायला गेला, की शेठ, कोण लोक नेतात?

"कोण म्हणजे? सगळेच. तू किंमत इतकी कमी लावलीस, की कोऱ्या कॅसेटपेक्षा तुझी स्वस्त. फीत चांगली, खिट्ट्या शाबूत. नेतात आणि घरी भजनं भरतात, भीमगीतं भरतात."

"पण आधी ऐकत असतील ना?"

भिकाशेठ वाईट माणूस नव्हते. ते गल्ल्यातले सुटे पैसे मोजायला लागले.

गोटीराम नदीच्या घाटावरून चालत घरी आला. त्याला रडू येत होतं आणि चारचौघांत रडायची लाज वाटत होती. त्यानं यंत्र गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. सरुबाईनं त्याला ताट वाढलं.

मग पाच वर्षं गेली. लग्नाच्या बँडात सुद्धा विजेच्या पेट्या वाजू लागल्या. गोटीराम लोकांचे टेप दुरुस्त करत राहिला. चष्मा लागला, कंबर धरायला लागली.

एका दुपारी लासलगावकडची एक म्हातारी पिशवी पोटाशी धरून टपरीत आली. भागीबाई नाव. पिशवीत टेप होता आणि टेपमध्ये कॅसेट अडकली होती.

"टेप मेला तरी चालंल दादा, पण ह्या डबीला काय होऊ देऊ नका. आमच्या मालकांचा आवाज हाय तिच्यात. पोराला धाडायच्या आदीच गेले ते."

गोटीरामनं झाकण उघडलं. कॅसेटवर तीच लग्नपत्रिकेची वेलबुट्टी दिसली. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, मग पेन्सिल घालून हळूहळू फीत गुंडाळू लागला. पाऊण तासानं टेप चालू झाला.

"बाळ सहादू, मी तुझा बा बोलतोय," एक घोगरा आवाज आला. "तू फौजेत तिकडं थंडीत, म्हनून काळजी वाटती. कांदा औंदा बरा हाय. तुझी माय दमती पन सांगत नाय... भागे, हे बंद कसं करायचं गं?"

खट्ट झालं. आणि मागून गोटीरामची शीळ सुरू झाली, हळू, सुरात.

त्यानं बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," भागीबाई म्हणाली. "ह्यांचं बोलनं सरलं की लगेच बंद करवत नाय. हे वाजतं ते संपेस्तवर मी रोज बसते."

"कसं वाटतं हे?" गोटीरामनं विचारलं.

"काय की बाबा. गानं नाय, काय नाय. पन कोनीतरी संगं बसल्यावानी वाटतं." ती कॅसेटकडे बघत राहिली. "वर काय लिवलंय हो? आमाला वाचता येत नाय."

"असेल कंपनीचं नाव."

दोघं बसून राहिले. बाहेर रिक्षा ओरडत होत्या. बाजू संपून टेप आपोआप थांबला, तेव्हा भागीबाईनं डोळे पुसले.

"नातवंडं सिनेमाची गानी भरायला निघाली व्हती हिच्यावर. मी हिसकून घेतली. पन मी किती दिवस पुरनार?"

गोटीरामनं कॅसेट हातात घेतली, उलटी केली आणि बारका स्क्रू ड्रायव्हर पाठीला लावला.

"आता कुणालाच भरता येणार नाही, आजी."

टक् करून एक खिट्टी मोडली, मग दुसरी. ते दोन तुकडे त्यानं स्क्रूच्या डबीत टाकले, कॅसेट तिच्या हातात दिली आणि पुढचा रेडिओ उघडायला घेतला.